घरची पात

दरवर्षी वावरातल्या पऱ्हाटीला कापूस फुटायला लागला की मी राळेगावच्या बाजारातून दोन डझन चिमटे आणतो. दोरीवर कपडे अडकवायचे, लाकडी. प्लास्टिकचे चालत नाहीत, त्यांची कमान लेचीपेची असते. यंदा दुकानदाराला राहवलं नाही. "सर, घरी लोकं किती हायेत तुमच्या?" मी म्हटलं, "तिघं. पण आमचं एकेक लुगडं वाळत घातलं की तीन वावरांवर सावली पडते." त्याने मान हलवली आणि चिमटे बांधून दिले. खरं सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, मास्तर नेहमीसारखा फेकून राह्यला. खरं एवढंच, की हे चिमटे मी पोरांच्या बोटांत देतो आणि त्यांची धडधाकट बोटं तीन मिनिटांत बंद पाडतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला की मी प्राध्यापक, तास संपला की शेतकरी. स्नायूंचा धडा बरोबर कापसाच्या दिवसांत येतो. वर्गात निम्मी बाकं रिकामी, कारण निम्मी पोरं वेचायला गेलेली. उरलेल्यांना मी सांगतो, अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांत चिमटा धरा, मिनिटभर उघडझाप करा, शेजाऱ्याने मोजा. मिनिट संपलं की न थांबता दुसरं, मग तिसरं. पहिल्या मिनिटाला वर्ग म्हणजे चिमण्यांनी भरलेलं बाभळीचं झाड. दुसऱ्याला पोरं ओठ चावतात. तिसऱ्याला अशी शांतता, की मुख्याध्यापक दारात येऊन बघतात, सर वर्गात आहेत की नाहीत.

यंदा एक पोरगी बोटाकडे टक लावून म्हणाली, "सर, बोट माह्यंच हाये, पण आयकून नाई राह्यलं."

यापेक्षा नेमकी व्याख्या पुस्तकात नाही.

मग दुसरा भाग. दंडाला बी.पी. मोजायचा पट्टा गुंडाळायचा, थोडी हवा भरायची, आणि पुन्हा तोच चिमटा. आता पहिल्याच मिनिटात हात गप्प. पोरांना वाटतं, सरांनी जादू केली. मी सांगतो, वावरातल्या ठिबकच्या नळीवर पाय ठेवून पाहा. मोटर चालू, विहिरीत पाणी, झाड जागेवर, पण पाणी पोचत नाही. दाबाखाली स्नायूचं तसंच. रक्त आलं नाही की खुराक आला नाही, आणि आतला थकव्याचा कचराही बाहेर गेला नाही. तंतू आखडतो, पण अर्धवट. आणि सैल पडायला वेळ लावतो.

ही शेवटची गोष्ट पोरांना कधीच पटत नाही. स्नायूच्या तंतूत दोन जातींचे धागे असतात, जाड आणि पातळ. जाड धाग्याला बारके हात. ते पातळ धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुढे परत धरतात. विहिरीतून दोर ओढल्यासारखं. पोरांना वाटतं, ताकद लागते ती धरायला आणि ओढायला. मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करून लिहितो, सोडायलाही ताकद लागते.

लिहितो आणि दर वेळी पाठ फिरवून खडू शोधायला लागतो. खडू हातातच असतो.

तीन वर्षांमागचा तो हंगाम. कापूस फुटला असा, की बगळे वावरात उतरले आणि आपलाच गोतावळा समजून आठ दिवस हलले नाहीत. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून जाणारी एसटी रोज आमच्या वावराजवळ हळू व्हायची, कारण ड्रायव्हरला उजेडाने डोळे दिपायचे. तुम्ही म्हणाल, फेकतो. बरं, चार बगळे होते. पण कापूस खरंच तसा होता, आणि फुटला तो सगळा एकदम. गावोगाव वेचणाऱ्या बाया मिळेनात. झरी जामणीकडून दरवर्षी यायच्या त्या त्यांच्याच भागात अडकल्या. शेवटी शेजारच्या गावातून ऑटोत बसवून आठ जणी आणल्या. त्यांची म्होरकी शेवंताबाई. ही बाई पऱ्हाटीत शिरली की बोंडं आपणहून तिच्या कमरेला बांधलेल्या ओटीत उड्या मारतात, असं मी ऐकून होतो. पाहिल्यावर पटलं, थोड्याफार फरकाने.

त्याच हंगामात माझी बायको पोलीस भरतीची तयारी करत होती. सविता. आधी दोनदा दिली होती, एकदा लेखीत अडली, एकदा धावताना पाय मुरगळला. ही तिसरी, आणि यानंतर तिचं वय बसणार नव्हतं. एवढं सरळ होतं ते. या खेपेला झालं तर झालं.

कशासाठी हवंय, हे मी एकदा तिला विचारलं होतं. वाटलं, ती पगार म्हणेल, रुबाब म्हणेल. ती चुलीपुढे बसून वांगी चिरत होती. म्हणाली, "माहेरी मी किसनरावची पोरगी. इथं मी गजूसरची बायको. पोलिसाच्या छातीवर पट्टी असते पाहा, नाव लिवलेली. मले ते पाह्यजे."

"मी लिहून देतो की पट्टीवर," मी म्हटलं.

"तुमी लिवसान त 'आंतरराष्ट्रीय' बी जोडसान नावाच्या आंधी."

मी तिचा स्वयंघोषित प्रशिक्षक होतो. पहाटे ती धुऱ्याने धावायची, मी सायकलवर मागे. ती इतकी धावायची की सायकलची चेन उतरायची. गोळाफेकीसाठी चार किलोचा लोखंडी गोळा मी कॉलेजच्या खेळाच्या खोलीतून उसना आणला. अंगणात भरतीला लागेल तेवढं अंतर मोजून चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे चार हातांवर, निंबाखाली, मायचा पाण्याचा रांजण. माय म्हणजे माझी आई, घरची खरी मालकीण. माय म्हणायची, "सवे, गोळा टाक, पण माह्या रांजणाले धक्का लागला त तुले पोलिसातच देईन." सविताचा गोळा रेघेवर पडायचा. रोज. कधी बोटभर अलीकडे, कधी वीतभर पलीकडे.

आणि मी, जीवशास्त्राचा मास्तर, रोज संध्याकाळी तिला भाषण द्यायचो. मैदानी चाचणीच्या आधी दोन दिवस पूर्ण विश्रांती. एक भांडं उचलायचं नाही. स्नायूंना सावकाश भरू द्यायचं. हाताची आकृती काढून भिंतीला चिकटवली होती मी. मायने त्या आकृतीखाली एक दिवस उदबत्ती लावली, कुण्या देवाचा हात आहे म्हणून.

आता घरच्या पातीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे वेचणीला बाया लागल्या की पहिली पात, म्हणजे धुऱ्याला लागून असलेला पहिला पट्टा, घरच्या बाईची. सासू नाहीतर सून. ती पुढे, तिच्या मागे तिरपी रांग धरून बाकीच्या. ती जशी चालेल तशी रांग चालते. ती बसली की रांग बसते. घरच्या बाईने पात अर्ध्यात सोडली, तर मजुरीच्या बायाही ओटी सोडतात. रागाने नाही, रीत म्हणून. मालकिणीलाच घाई नाही, तर आपण कायले मरायचं. मायचे गुडघे गेल्यापासून घरची पात सविताची होती.

मैदानीच्या आदल्या दोन दिवसांपैकी पहिला दिवस विश्रांतीतच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. भर थंडीत, नको त्या वेळी. अर्धं वावर पांढरं उभं. भिजला की कापूस गेला. सविता ओटी बांधून निघाली. "दुपारपर्यंत," ती म्हणाली. मी म्हटलं, "दुपारपर्यंतच हं." बोंडांच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, म्हणून तिने उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या. बायांच्या हातांना त्या दिवसांत चिंध्या असतातच. कुणाला वेगळं वाटत नाही.

दुपारी मायने धुऱ्यावरून हाक दिली, "सवे, बस झालं. जाय घरी. उद्या तुह्यं काम हाये."

सविताने कंबर सरळ केली आणि ओटीच्या गाठीला हात घातला. मागे रांग थांबली. शेवंताबाई अगदी गोडीत म्हणाली, "सूनबाई चालली त मंग आमचीबी पात इथंच."

मी तिथेच गाठोडी बांधत होतो. मी आभाळाकडे पाहिलं. मग वावराकडे पाहिलं. मग मी म्हणालो, "एवढी पात काढून टाक न. एकच त हाये."

हे वाक्य मायने म्हटलं असतं तर मी सासूंवर लेख लिहून मोकळा झालो असतो. शेवंताबाईने म्हटलं असतं तर तिच्यावर. पण ते मी म्हटलं. भिंतीला हाताची आकृती चिकटवणाऱ्याने.

सविताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की पोरं मास्तरकडे पाहतात, तसं. मग तिने गाठ पुन्हा आवळली. माय म्हणाली, "गजू, काहून बोलला रे तू?" मी म्हटलं, "माय, आभाळ पाह्य." एका पातीच्या तीन पाती झाल्या. दिवस मावळायला तिच्या हातात भाकरी दिली तर बोटं मिटेनात. तिने डाव्या हाताने जेवण केलं आणि हसली. "सर," ती मला म्हणाली, चिडवायची तेव्हा ती मला सर म्हणते, "तुमचा चिमटा माह्याच बोटात राह्यला वाट्टे."

त्या तीन पातींचा कापूस किती निघाला, सांगू? एक गाठोडं. मायने वर्षभर ते विकू दिलं नाही, नंतर त्याच्या उशा भरल्या. त्या उशीवर मला अजून झोप येत नाही. मी सांगतो की मायने त्यात दगड भरलेत.

सकाळी सविताचं मनगट सुजलं होतं. आणि इथे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं. मी क्रेप बँडेज काढलं आणि तिच्या पंजापासून कोपराच्या वरपर्यंत बांधलं. घट्ट. मनगट हलू नये, हात सुटू नये, माझी चूक कुठूनही बाहेर दिसू नये, इतकं घट्ट. वर्गात पट्ट्यात हवा भरताना मी पोरांना बजावतो, जास्त नको, अन् नाडी बघत राहा. घरी नाडी कुणी पाहिली? मी बँडेजला वर दोन पिना लावल्या आणि म्हटलं, "आता हा हात नाही, तोफ आहे."

यवतमाळच्या मैदानावर नातेवाइकांना कुंपणाबाहेर उभं करतात. मी जाळीला नाक लावून उभा. माझ्या एका बाजूला दिग्रसचे कुणी काका, दुसऱ्या बाजूला एक बाई लेकीसाठी मूठ आवळून जप करत होती. सविता धावली ती अशी, की काकांनी टोपी धरून ठेवली. मी त्यांना सांगितलं, ही माझी बायको. ते म्हणाले, "मंग तुमी इथं काहून उभे? पळा न मांगं." मी छाती फुगवून हसलो. तेवढंच हसलो त्या दिवशी.

मग गोळा. तीन संधी. तिथल्या एका कर्मचारी बाईने तिचा हात पाहिला आणि काहीतरी विचारलं. सविताने नाही म्हणून मान हलवली. काय विचारलं ते तिने मला परतीच्या बसमध्ये सांगितलं. ती बाई म्हणाली होती, "ताई, पट्टी सोडून टाकता का? लय आवळलेली दिसते." आणि ही म्हणाली, "राहू द्या. आमच्या सरांनी बांधली हाये."

पहिली फेक बरी गेली. दुसरी तिच्या अलीकडे. तिसरी दुसरीच्याही अलीकडे. मी जाळीतून पाहत होतो आणि मला गोळा दिसत नव्हता, मला माझा फळा दिसत होता. त्यावर मी दरवर्षी हीच आकृती काढतो. पहिलं मिनिट उंच, दुसरं बुटकं, तिसरं त्याहून बुटकं. उतरत जाणारा जिना. पोरं वहीत काढतात, खाली पट्टीने रेघ मारतात.

बसमध्ये मी बँडेज सोडलं. दंडावर वळ, बोटं जांभळट. ती बोटांकडे पाहत राहिली. म्हणाली, "गोळा हातात होता. फेकायच्या वक्ताले सुटेच ना. मी सोडून राह्यली, अन् हात सोडून नाई राह्यला." मी बँडेज गुंडाळत बसलो. सोडायलाही ताकद लागते, हे त्या क्षणी बायकोला सांगणारा मास्तर अजून जन्मायचा आहे.

यादी लागली तेव्हा तिच्या नावासमोर गोळ्याचं अंतर हवं त्यापेक्षा वीतभर कमी होतं. नुसती एक वीत. मी घरी येऊन वीत मोजून पाहिली, स्वतःच्या हाताने, पन्नास वेळा. यवतमाळच्या वाऱ्याला शिव्या दिल्या, ऑटोवाल्याला दिल्या, बँडेज बनवणाऱ्याला दिल्या. गावात सांगितलं की त्यांचा टेपच आखूड होता. गावाला माझी सवय आहे. एकाने विचारलं, "सर, टेप आखूड असला त गोळा लांब गेला दिसन न?" मी घरी आलो.

सविताने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. शिवी खाल्लेला माणूस निदान मोकळा होतो. तिने छातीवर लावलेला कागदी नंबर घडी करून भिंतीवरच्या त्या हाताच्या आकृतीमागे खोचला. आकृती मी काढून टाकणार होतो. आता काढता येत नाही.

यंदा कापूस पुन्हा फुटला. मी चिमटे आणले, वर्ग भरला, पोरं थकली, आणि जिचं बोट ऐकत नव्हतं ती पोरगी तासाच्या शेवटी उठली. तिचा हात पाच मिनिटांत ताजातवाना झाला होता. चिमटा पहिल्यासारखा टकटक वाजवत तिने विचारलं, "सर, आराम केला त जोर परत तेवढाच येते न?"

"येतो."

"पुरा?"

"पुरा. कधी कधी जास्त."

"मंग नुकसान काय झालं?"

घंटा झाली नव्हती. मी म्हटलं, घंटा झाली.

कारण मला ते अंगण आठवलं. मैदानीनंतर चौथ्या दिवशी आभाळ खरंच फुटलं आणि तीन दिवस कोसळलं. वेचणी बंद. सविता तीन दिवस नुसती बसून होती. भांडीही मायने घासली, आणि माय भांडी घासते म्हणजे घरात काय चाललं होतं ते समजा. पाऊस थांबला त्या सकाळी लख्ख उजाडलं. मी दात घासत होतो. सविता बाहेर आली, अंगणात पडलेला गोळा उचलला, त्याला लागलेला चिखल पदराने पुसला. मानेशी धरला. आणि टाकला.

त्यात राग नव्हता, तयारी नव्हती. नुसता हात होता, तीन दिवस कुणी न आवळलेला, कुणी न पिळलेला. गोळा गेला आणि मायचा रांजण फुटला. सगळं पाणी निंबाच्या मुळाशी.

माय दारात आली. रांजणाकडे पाहिलं, सविताकडे पाहिलं.

"किती झालं?" सविताने विचारलं.

चुन्याची रेघ पावसाने धुऊन नेली होती. मी टेप आणला. एक टोक ती उभी होती तिथल्या खुंटीला अडकवलं, दुसरं खापरांपर्यंत नेलं. आकडा वाचला. पुन्हा वाचला. मी, ज्याने चार बगळ्यांचा गोतावळा केला, ज्याने एका लुगड्याने तीन वावरं झाकली, त्या मी आयुष्यात पहिल्यांदा कमी सांगितलं. म्हणालो, "तेवढंच आहे. मैदानावर झालं होतं तेवढंच."

सविता खापरांपाशी आली. मग म्हणाली, "रांजण रेघेच्या चार हात पलीकडं होता. मले मालूम हाये."

मी टेप गुंडाळायला लागलो. तो गुंडाळेना.

"खोटं बोलाचं त मोठं बोलत जा," ती म्हणाली. "लहान तुमाले जमत नाई." आणि आत चहा ठेवायला गेली.

मायने पुढच्या बाजाराला नवा रांजण आणला. कुंभाराने बैलगाडीतून उतरवला आणि जुन्या जागी, निंबाखाली ठेवायला लागला. माय म्हणाली, "तिथं नको बाप्पा. दोन हात मांगं ठेव." तिथे आता सावली नाही, पाणी दुपारी तापतं. मी दोनदा तो परत निंबाखाली सरकवला. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत तो पुन्हा दोन हात मागे होता.